स्कॅनरचा लालभडक अहवाल: ब्राउझर, ऑफिस की वेब सर्व्हर, आधी कशाला हात घालायचा?

खटपट्या (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवा आहे. आमच्या कार्यालयात "संगणकाचं सगळं" माझ्याकडे आहे. म्हणजे प्रिंटर अडकला तरी मी आणि सर्व्हर पडला तरी मीच. वरिष्ठांनी व्हल्नरेबिलिटी स्कॅन, म्हणजे सुरक्षेतल्या दोषांची तपासणी, करून घ्यायला लावला. अहवाल आला आणि तो उघडल्यापासून डोळ्यांसमोर लाल रंगच दिसतोय.

स्कॅनरने तीन गट पाडलेत. पहिला ब्राउझरचा: क्रोम आणि फायरफॉक्स बऱ्याच मशीनवर एकदोन आवृत्त्या मागे. दुसरा ऑफिसचा: काही ठिकाणी अजून ऑफिस २०१६ आहे, काही ठिकाणी ओपनऑफिस. तिसरा वेब सर्व्हरचा: रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ वर अपाची २.४.३७, आणि एकट्या त्याच्याच नावावर पानभर सीव्हीई, म्हणजे क्रमांक देऊन जाहीर केलेले दोष.

वरिष्ठांचं म्हणणं, गुण १० पासून खाली उतरत या आणि लाल शून्यावर आणा. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाही. तुम्ही सुरुवात कुठून कराल?

तळटीप

न पटणं बरोबर आहे. तो १० पैकी गुण म्हणजे सीव्हीएसएस. दोष किती वाईट ठरू शकतो, एवढंच तो सांगतो. तो तुमच्याकडे कितपत पोचतो आणि बाहेर कुणी खरोखर वापरतंय का, हे मूळ गुणात धरलेलंच नसतं.

हार्टब्लीड आठवतंय? एप्रिल २०१४, वेबसाइटचं संभाषण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत. समोरच्याने "मी ६४ केबी पाठवलंय, तेवढंच परत दे" म्हणायचं, प्रत्यक्षात पाठवायचे दोनचार बाइट, आणि सर्व्हर आपल्या मेमरीतला मजकूर उचलून देणार. त्यात पासवर्ड, सेशन, कधी खाजगी किल्लीसुद्धा. जगभर धावपळ झाली. तेव्हाच्या सीव्हीएसएस पद्धतीत त्याला किती गुण होते? ५.०. मध्यम! नंतरच्या पद्धतीने मोजले तेव्हा ७.५ झाले. तुमच्या वरिष्ठांच्या क्रमाने गेलो असतो तर हार्टब्लीडचा नंबर कधी लागला असता देव जाणे.

अमेरिकेची सीसा ही सायबर सुरक्षा संस्था नोव्हेंबर २०२१ पासून एक यादी ठेवते, "प्रत्यक्षात वापरले गेलेले दोष", केईव्ही म्हणतात तिला. २०२४ या एका वर्षात ४०,००० च्या आसपास सीव्हीई प्रसिद्ध झाले. केईव्हीत सगळी वर्षं मिळून हजारावर नोंदी असतील. तुमचा अहवाल आधी तिच्याशी ताडून बघा. पानं झपाट्याने कमी होतात.

निळी_शाई

तळटीप यांना +१.

खटपट्या, अपाचीचं आधी बोलते, कारण तिथे बहुतेक तुम्ही उगाच घाबरलाय. रेड हॅट ८ वरचं अपाची रेड हॅटच्याच पॅकेजमधून आहे ना? मग तो २.४.३७ हा आकडा फारसं काही सांगत नाही. रेड हॅट मूळ आवृत्ती बदलत नाही. नव्या आवृत्तीतली सुरक्षेची दुरुस्ती तेवढी काढून जुन्या कोडला लावते. याला बॅकपोर्ट म्हणतात. बाहेरून आकडा तोच दिसतो, आतला कोड मात्र दुरुस्त झालेला असतो. खरा आकडा पॅकेजच्या नावात डॅशनंतर येतो, तिथे बघा.

तुमचा स्कॅनर बाहेरून दार ठोठावतो, सर्व्हर "अपाची २.४.३७" म्हणतो, आणि स्कॅनर त्या आकड्यानंतर दुरुस्त झालेला प्रत्येक दोष तुमच्या नावावर लिहून मोकळा होतो. तपासलेलं काहीच नसतं. सर्व्हरवर आरपीएमला (रेड हॅटचं पॅकेज सांभाळणारं साधन) त्या पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, विचारा. कोणकोणते सीव्हीई बुजवलेत ते क्रमांकासकट मिळेल. स्कॅनरला लॉगिन देऊन आतून स्कॅन करायची सोय असते, तीही वापरा. पानभर यादी चारपाच ओळींवर येईल असा अंदाज.

अर्थात हे सगळं अपडेट नियमित लावत असाल तरच. पॅकेजच जुनं असेल तर स्कॅनर बरोबर आहे.

तिरपागडा

म्हणजे जुनं तेच सोनं! हार्टब्लीडच्या वेळी ओपनएसएसएल ०.९.८ वाले निवांत होते. दोष आला तो १.०.१ मध्ये. ज्यांनी उत्साहाने नवं घेतलं तेच अडकले. मी म्हणतो, चालतंय त्याला हात लावू नये.

निळी_शाई

तिरपागडा, तुमच्या बाजूने आणखी एक उदाहरण मीच देते, मग मुद्द्यावर येऊ.

सप्टेंबर २०२१ मध्ये अपाची २.४.४९ आलं. पत्त्यातले "वरच्या फोल्डरमध्ये जा" सांगणारे दोन ठिपके ओळखायचा कोड त्यात नव्याने लिहिला होता. एका ठिपक्याऐवजी त्याचा टक्केचिन्हवाला कोड दिला की तो फसायचा, आणि वेबसाइटच्या बाहेरच्या फायली मिळायच्या. सीजीआय (सर्व्हरवरचे प्रोग्रॅम वेबवरून चालवायची सोय) चालू असेल तर थेट कमांडसुद्धा चालवता यायची. ४ ऑक्टोबरला २.४.५० आलं. दुरुस्ती अर्धवट निघाली, तीच युक्ती दोनदा कोड करून केली की पुन्हा चालायची. ७ ऑक्टोबरला २.४.५१. आणि २.४.४८ पर्यंतच्या सगळ्या आवृत्त्या या भानगडीपासून मुळातच सुटलेल्या. खटपट्यांचं "जुनाट" २.४.३७ सुद्धा.

आता मुद्दा. नव्याने आलेला दोष जुन्यात नसतो, हे खरंच. पण जुन्यातला माहीत झालेला दोष जुन्यातच राहतो आणि तो वापरायची साधनं तोवर सगळ्यांच्या हातात आलेली असतात. बॅकपोर्टचा खटाटोप त्यासाठीच तर असतो: नवं वागणं नको, दुरुस्ती तेवढी हवी. "हात लावू नये" म्हणजे यातलं काहीच नाही.

जाता जाता: ज्यांच्या अपाचीत मूळ फोल्डरवर "रिक्वायर ऑल डिनाइड" (सगळ्यांना मनाई) लावलेलं होतं त्यांच्याकडे २.४.४९ असूनही फायली मिळत नव्हत्या. खटपट्या, ती ओळ तुमच्याकडे आहे का बघाच.

तळटीप

तिरपागडा, कोड रेड हा किडा विसरलात. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस सर्व्हरमधला दोष, पॅच १८ जून २००१ ला उपलब्ध. १९ जुलैला १४ तासांच्या आत ३,५९,००० संगणकांना लागण. महिनाभर पॅच पडून होता आणि "चालतंय" म्हणून कुणी लावला नव्हता.

आणि हार्टब्लीडमध्ये नुसता पॅच लावूनही भागत नव्हतं. मेमरी गळाली तर सर्व्हरच्या लॉगमध्ये काही उमटत नाही. त्यामुळे किल्ली गेलेलीच आहे असं धरून नवी किल्ली, नवं प्रमाणपत्र, जुनं रद्द, वर पासवर्ड बदल. बऱ्याच जणांनी पहिली पायरी करून हात झटकले.

खटपट्या

निळी_शाई, शतशः आभार. चेंजलॉग पाहिला. अहवालातले बहुतेक क्रमांक त्यात "फिक्स" म्हणून आहेत. "रिक्वायर ऑल डिनाइड" पण आहे, कुणी लावलं देव जाणे, माझ्या आधीपासून असावं.

प्रश्न: आवृत्तीचा आकडा बाहेर दाखवणंच बंद केलं तर? वरिष्ठांचा लाल रंग लगेच जाईल.

निळी_शाई

अपाचीची सर्व्हरटोकन्स ही सेटिंग "प्रॉड" करा, नुसतं अपाची एवढंच दिसेल. करायला हरकत नाही. पण त्याने स्कॅनर आंधळा होतो, हल्लेखोर होत नाही. तो आवृत्ती विचारत बसत नाही, थेट दोष वापरून बघतो. वरिष्ठांना चेंजलॉगचा उतारा द्या, तो जास्त टिकेल.

कागदीवाघ

सर्व्हरवरच सगळे तुटून पडलेत. मी असतो तर ऑफिसच्या गटापासून सुरू केलं असतं. तुमचा सर्व्हर निदान फायरवॉलमागे असेल. वर्डची फाइल मात्र मेलमधून थेट माणसाच्या टेबलावर येते आणि तो ती उघडतो, कारण उघडणं हेच त्याचं काम आहे.

२०१७ ची गोष्ट सांगतो, कारण ती ऐकल्याशिवाय ऑफिसचं दुखणं कळत नाही. वर्डमध्ये गणिती समीकरणं लिहायला इक्वेशन एडिटर नावाचा छोटा प्रोग्रॅम असायचा. डिझाइन सायन्स या कंपनीने बनवलेला. ऑफिस २००७ मध्ये समीकरणांसाठी नवी सोय आली, पण जुन्या फायली उघडाव्यात म्हणून हा तसाच ठेवला. ती एक्झी फाइल नोव्हेंबर २००० मध्ये कंपाइल झालेली. त्यानंतर विंडोजमध्ये मेमरीचे पत्ते विस्कटणं, डेटाच्या जागेतून कोड चालू न देणं असली संरक्षणं आली. याला त्यातलं काहीच लागू नव्हतं. वर तो वर्डच्या आत न चालता वेगळी प्रोसेस म्हणून चालायचा, म्हणजे वर्डला बसवलेली कवचंही त्याच्या उपयोगाची नाहीत.

दोष काय, तर समीकरणातलं फाँटचं नाव ठरावीक जागेपेक्षा लांब दिलं की ते पुढच्या मेमरीवर सांडायचं. शाळकरी म्हणावा इतका साधा बफर ओव्हरफ्लो. सतरा वर्षं तिथे पडून होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅच आला, सीव्हीई-२०१७-११८८२. विश्लेषकांनी तो पॅच उलगडून पाहिला, तर एक्झीमधल्या यंत्रसूचना हाताने बदललेल्या दिसल्या. सोर्स कोड पुन्हा कंपाइल केल्याची खूण नाही. यावरून मूळ कोड हाताशी नसावा, असा तर्क त्यांनी मांडला. मग त्याच प्रोग्रॅममध्ये आणखी भोकं निघाली आणि जानेवारी २०१८ च्या अपडेटने तो पूर्ण काढूनच टाकला.

पुढचं ऐका. मे २०२० मध्ये सीसा आणि एफबीआयने २०१६ ते २०१९ मध्ये सर्वाधिक वापरल्या गेलेल्या दोषांची यादी काढली. सरकारी पाठबळाच्या हल्लेखोरांच्या आवडत्या पहिल्या तिघांत हा होता. उरलेले दोन, २०१७-०१९९ आणि २०१२-०१५८. तिघांचाही संबंध ओएलई या तंत्राशी, म्हणजे एका फाइलमध्ये दुसऱ्या प्रोग्रॅमची वस्तू बसवण्याच्या सोयीशी. २०१२ चा दोष सात वर्षांनीही कामाला येत होता!

खटपट्या, ऑफिस २०१६ चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तिथे बॅकपोर्टबिकपोर्ट काही नाही. नवा दोष सापडला की तो तसाच राहणार. तुमच्या अहवालातली सगळ्यात खरी लाल ओळ ती आहे.

अर्धविराम

पण मॅक्रो (फाइलच्या आतले छोटे प्रोग्रॅम) बंद केले की ऑफिसचं बरंचसं संपतं ना? मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींचे मॅक्रो आपणहून अडवलेत.

कागदीवाघ

मॅक्रोचं संपतं, ऑफिसचं नाही. वर सांगितलेल्या इक्वेशन एडिटरला मॅक्रो लागतच नव्हता.

२०२२ मध्येच मे महिन्यात फोलिना आलं. वर्डची फाइल बाहेरून एक एचटीएमएल पान ओढायची, ते पान विंडोजच्या "अडचण शोधा" साधनाला त्याच्या खास पत्त्याने हाक मारायचं आणि त्या हाकेत पॉवरशेलची आज्ञा दडवलेली असायची. एकही मॅक्रो नाही. फाइल आरटीएफ असेल तर ती उघडावीही लागत नव्हती, एक्सप्लोररच्या प्रीव्ह्यूमध्ये दिसली की पुरे. पॅच १४ जूनला आला. तोवर रजिस्ट्रीतून तो प्रोटोकॉल काढून टाकणं एवढाच उपाय होता.

शिवाय मॅक्रो अडवले जातात ते फाइलवरच्या "ही इंटरनेटवरून आली" या खुणेमुळे. मग हल्लेखोर आयएसओ, म्हणजे डिस्कची नक्कल असलेल्या, फाइलच्या पोटात वर्डची फाइल घालून पाठवू लागले. आयएसओला खूण, आतल्याला नाही. विंडोजने ते नोव्हेंबर २०२२ मध्ये बुजवलं. मेलमध्ये आयएसओ, आयएमजी अडवून टाका, कार्यालयीन कामात कुणाला लागत नाहीत.

निळी_शाई

ओपनऑफिसबद्दलही बोला कुणीतरी. मीच बोलते. ओपनऑफिस ४.१ एप्रिल २०१४ चं आहे आणि त्यानंतर ४.१ च्याच पुढच्या छोट्या आवृत्त्या येत राहिल्या. २०१६ मध्ये त्यांच्या एका दोषाची माहिती जुलैत प्रसिद्ध झाली, तेव्हा दुरुस्त आवृत्तीच तयार नव्हती. हॉटफिक्स ऑगस्टमध्ये आला, आणि सप्टेंबरात तो प्रकल्प बंद करावा का यावर त्यांच्यातच उघड चर्चा झाली. फुकटच हवं असेल तर लिबरऑफिस घ्या. कूळ एकच, पण तिथे घर जागतं आहे.

रातकिडा

ब्राउझरवाला कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी.

खटपट्या, "एकदोन आवृत्त्या मागे" वाचून सोडून देऊ नका. क्रोमची मोठी आवृत्ती दर चार आठवड्यांनी येते आणि २०२३ च्या ऑगस्टपासून, म्हणजे ११६ पासून, मधल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला. हे एवढ्या घाईने का? क्रोम ज्यावर बनतं त्या क्रोमियमचा कोड उघडा आहे. दुरुस्ती आधी त्या उघड्या कोडमध्ये पडते, मग तुमच्या मशीनवर पोचते. मधल्या दिवसांत कुणीही ती दुरुस्ती वाचून उलट्या बाजूने दोष शोधू शकतो.

आणि तुमच्या मशीन मागे राहिल्या त्याचं कारण बहुधा अपडेट उतरलं नाही हे नसून ब्राउझर कुणी बंद केला नाही, हे असेल. चाळीस टॅब उघडे ठेवून लोक महिनोन्‌महिने बसतात. अपडेट उतरून तयार असतं, पण पुन्हा सुरू होईपर्यंत जुनाच कोड चालतो. ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशीनवर एकदम नियम लावायची विंडोजची सोय) "रीलाँच नोटिफिकेशन" सक्तीचं करा आणि मुदत द्या. चार दिवस शिव्या खाव्या लागतील.

आता एक वेगळीच गोष्ट. तुमच्या स्कॅनरने जे तीन गट पाडलेत ना, ब्राउझर, ऑफिस, सर्व्हर, तेच मला पटत नाहीत.

सप्टेंबर २०२३, सीव्हीई-२०२३-४८६३. क्रोममधला दोष म्हणून जाहीर झाला. प्रत्यक्षात तो लिबवेबपी या चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत होता. हफमन तक्ता बांधताना ठरवलेल्या जागेबाहेर लिहिलं जायचं, म्हणजे खास बनवलेलं चित्र नुसतं दिसलं तरी काम झालं. ती लायब्ररी फायरफॉक्समध्ये होती. लिबरऑफिसमध्ये होती. इलेक्ट्रॉनवर बनलेल्या गप्पांच्या आणि नोंदींच्या कित्येक अ‍ॅपमध्ये होती, कारण इलेक्ट्रॉन म्हणजे पोटात क्रोमियम. आता सांगा, हा दोष ब्राउझरच्या रकान्यात घालायचा की ऑफिसच्या? पहिल्या दिवशी कित्येकांनी क्रोम अपडेट केलं आणि "झालं" म्हणून खूण केली.

फोलिनाही तसंच. दिसायला वर्ड, ओढलं एचटीएमएल, चाललं विंडोजचं साधन. त्याआधी सप्टेंबर २०२१ मधला सीव्हीई-२०२१-४०४४४ पाहा: वर्डची फाइल, पण भोक इंटरनेट एक्सप्लोररच्या इंजिनात, एमएसएचटीएमएलमध्ये. माणसाने ब्राउझर उघडलेलाच नाही!

म्हणून मी उत्पादनाच्या नावाने जात नाही. बाहेरचा मजकूर कुठून आत येतो आणि तो कोणता भाग वाचतो, एवढं बघतो. मेल, वेब पान, अपलोड, प्रीव्ह्यू. त्या वाटेवरचं आधी.

तळटीप

रातकिडा यांचा मुद्दा सर्व्हरलाही लागू. डिसेंबर २०२१ चं लॉग४शेल, पूर्ण १० गुणांचं. लॉग४जे ही तर नुसती नोंदी लिहिणारी लायब्ररी. ब्राउझरने पाठवलेल्या नावात एक विशिष्ट मजकूर टाकला की ती नोंद करताना तोच मजकूर वाचून बाहेरच्या सर्व्हरकडून कोड आणायची. लोकांना पॅच लावायला अवघड गेलं नाही, ती आपल्याकडे आहे कुठे हे शोधायला गेलं. एका जारच्या (जावा प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याच्या) आत दुसरी जार, तिच्या आत ती.

आणि वरिष्ठांसाठी: इक्विफॅक्स, लोकांच्या कर्जाची माहिती ठेवणारी अमेरिकी कंपनी. त्यांच्या वेबसाइटमागच्या स्ट्रट्स या सॉफ्टवेअरची दुरुस्ती ७ मार्च २०१७ ला आली. त्यांनी स्कॅन केला होता! स्कॅनरला ते दोषी स्ट्रट्स सापडलंच नाही. मे महिन्यात चोर आत आले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. अहवालात लाल नाही म्हणजे घरात काही नाही, असं नसतं.

तिरपागडा

बरं बाबांनो, हरलो. पण ऑफिस बदलायला पैसे कोण देणार?

कागदीवाघ

पैसे येईपर्यंत: प्रोटेक्टेड व्ह्यू (बाहेरून आलेली फाइल आधी फक्त वाचायला उघडणारी सोय) कुणालाही बंद करू देऊ नका, एक्सप्लोररचा प्रीव्ह्यू बंद करा, आणि वर्ड-एक्सेलला दुसरे प्रोग्रॅम सुरू करता येणार नाहीत असा "अटॅक सरफेस रिडक्शन" नियम विंडोज डिफेंडरमध्ये आहे तो लावा. आधी ऑडिटवर ठेवून काय मोडतं ते बघा, मग अडवा. फुकट आहे.

खटपट्या

मंडळी, डोक्यात प्रकाश पडला. ठरवलं ते असं: केईव्हीशी जुळलेल्या ओळी लगेच. ब्राउझरला सक्तीचं रीलाँच याच आठवड्यात, शिव्या खायची तयारी आहे. बाहेरचा पत्रव्यवहार ज्या मशीनवर होतो तिथलं ऑफिस २०१६ आधी जाईल, ओपनऑफिसच्या जागी लिबरऑफिस. अपाचीसाठी चेंजलॉग जोडून लाल ओळी "तपासल्या, दुरुस्त आहेत" म्हणून बंद. आणि इलेक्ट्रॉनवाली अ‍ॅप कोणाकोणाकडे आहेत ती यादी करायला घेतली, ती अहवालात नव्हतीच.

शेवटचा प्रश्न. आमचं एक जुनं अंतर्गत अ‍ॅप फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालतं. एक्सप्लोरर तर जून २०२२ मध्ये गेला. सध्या एजच्या आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोडमध्ये उघडतात. धोका किती?

रातकिडा

ब्राउझर गेला, इंजिन विंडोजमध्येच आहे. जुलै २०२४ मध्ये बुजवलेल्या सीव्हीई-२०२४-३८११२ मध्ये हेच झालं होतं. शॉर्टकटची फाइल दुहेरी क्लिक केली की पत्ता एजऐवजी त्या निवृत्त एक्सप्लोररमध्ये उघडायचा.

आयई मोड किमान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, म्हणजे अ‍ॅप बदलायला वेळ आहे. तोवर एंटरप्राइझ साइट लिस्ट (कोणती पानं आयई मोडमध्ये उघडायची त्याची यादी) बनवा आणि तिच्यात त्या अ‍ॅपचा नेमका पत्ता टाका, अख्खं डोमेन नको. "हे पान आयई मोडमध्ये उघडा" हे बटण लोकांकडून पॉलिसीने काढून घ्या. इंजिनचे पॅच विंडोज अपडेटमधून येतात, तेव्हा त्या मशीनचं अपडेट "अ‍ॅप बिघडेल" म्हणून कुणी थांबवून ठेवलंय का, ते उद्या सकाळी पहिलं बघा.

खटपट्या

थांबवून ठेवलंय. आत्ताच पाहिलं, चिठ्ठी चिकटवलीये वर, "अपडेट करू नये".